आठ ग्रह आन् तहानलेला जमादार

१

दिवा इझला न्हाय. सगळं तिथंच बिनसलं.

पेव कधी बघितलंय का तुमी? जमिनीत खोल खड्डा. पोट रांजणावाणी मोठं, आन् तोंड एवढं बारीक की माणूस अंग चोरून उतरावा. आत जवारी भरायची, तोंडावर शिळा ठिवायची आन् मातीनं लिपून टाकायचं. बंद पेवात वाईट हवा कोंडती. उघडल्या उघडल्या जो उतरतो, तो काय वर येत न्हाय. म्हून आधी दोरीनं दिवा सोडत्यात. दिवा इझला, तर तोंड उघडं ठिवून वाट बघायची. तेवत राहिला, तर उतरायचं.

माळेवाडीच्या माळावर असं एक पेव व्हतं, सोनारीच्या काळभैरवाच्या नावाचं. सगळ्या गावानं मिळून भरलेलं. आखाड-श्रावणात ज्याच्या घरची चूल थंडावली, त्यानं त्यातनं जवारी न्यायची आन् पीक आलं की परत आणून टाकायची. राखण बलभीमाकडं. लई सबुरीचा माणूस. दिवा सोडल्याबिगर त्यानं कधी उंदीरसुदीक आत जाऊ दिला न्हाय.

ते अष्टग्रहीचं साल. बासष्टचं. अवसंला आठ ग्रह मकर राशीत एका बाजंवर बसणार आन् पृथ्वीचं भरीत व्हणार, अशी सगळ्या मुलखात बोंब. आमच्या विष्णुपंत जोशांनी तर अन्नपाणी सोडलं. गावाला सांगितलं, "महायज्ञ केला तरच वाचू." यज्ञाला तूप पाहिजे. तूप कुठनं आणायचं? पेवातली जवारी विकून! बाप्यांनी चावडीवर बसून ठराव केला. बायकांना कुणी इचारलं न्हाय. कधी इचारत व्हते?

अवस तोंडावर आली तवा पेव उघडायला सगळे बाप्ये माळावर गेले. बलभीमानं लिपण फोडलं, शिळा सरकवली, दिवा सोडला. दिवा आपला तेवतोय. खाली गेला, तरी तेवतोय. पार तळाला टेकला, तरी तेवतोय!

महारुद्र पाटलांनी वाकून बघितलं. "आरं बलभीम," ते म्हणाले, "दिवा तळाला कसा टेकला? जवारी कुठं हाय?"

आत काड्या, कोंडा आन् एक कोळी. बस्स.

सगळे एकमेकांची तोंडं बघत व्हते तेवढ्यात वारा सुटला, आन् आभाळ घुमाय लागलं. घूंऽऽऽ! छातीत धडधड व्हावी असा जाड आवाज. बाप्ये धोतरं आवरत देवळाकडं पळाले. पळता पळता बलभीमाला तेवढं बांधून न्यायला विसरले न्हायत.

२

परांड्याहून जमादार बाबूराव सायकलीवर आले. त्यांच्या मिशा एवढ्या रुंद की बोळातनं येताना सायकल तिरपी करावी लागायची. खोटं वाटत असंल तर राहू द्या. पण उनाचं सायकल मारून माणूस तहानंनं येडापिसा झाला व्हता, हे मातर खरं.

पाटलाच्या ओसरीवर टेकले आन् म्हणाले, "आधी पाणी द्या."

पाटलीणबाई, धुरपदाबाई, ताकाचं गाडगं घिऊन आल्या. "पाणी काय पिताव जमादार? ताक घ्या."

"पाणी द्या, बाई."

"मग गुळाचा च्या टाकू?"

जमादारांनी ताक पिलं. मिशा पांढऱ्या झाल्या. सोबत हुकूम आणलेला: जबाब घ्यायचे आन् उद्याच्या एसटीनं बलभीमाला परांड्याला हजर करायचं. कुणी काय लपवलं असंल ते सांजंपर्यंत हुडकायचं, न्हायतर राखणदारच चोर. बलभीमाची बायको सत्यभामा दिवस भरलेली. आज-उद्यात बाळंत व्हणार. घरात दुसरं माणूस न्हाय.

आधी जमादार देवळात गेले. दार आतनं लावलेलं. ठोकून ठोकून हात दुखले तवा विष्णुपंतांनी फट उघडली.

"जोशीबुवा, पेव शेवटचं कवा भरलं?"

"जमादार, शनी मकरेत आहे."

"शनीचा जबाब घेता येत न्हाय. पेवाचं बोला."

"पेवाचं काय घेऊन बसलात? तो आवाज ऐकलात ना? आठ ग्रह एका घरात शिरताहेत. त्यांचे रथ एकमेकांना घासतात, त्याची घरघर आहे ती! ठराव झाला आणि थोड्याच दिवसांत सुरू झाली. आधी बारीक होती, शंख फुंकल्यासारखी. मग रोज जाड होत गेली. आता तर रेडा हंबरतो. ग्रह जवळ येताहेत, जवळ!"

"रोज येतोय आवाज?"

"दुपारी वारा सुटला की. फक्त पेव उघडायच्या दिवशी सकाळपासून आभाळ मुकं होतं. वारा होता, आवाज नव्हता. पेव उघडलं मात्र, आणि..."

"आवाज आला की तुमी काय करता?"

"सगळे पुरुष देवळात येतो. दार लावतो. वारा पडेपर्यंत जप."

"आन् बायका?"

विष्णुपंतांनी कपाळावर हात मारला. "बायकांना कसली आलीय भीती! ग्रह डोक्यावर घासताहेत आणि ह्या घागरी घेऊन पाण्याला चालल्या. म्हणूनच जग बुडतंय."

जमादारांनी कागदाकडं बघितलं. आरोपी बलभीम, आन् खाली सगळे ग्रहच. त्यांनी पेन्सिल दातात धरली आन् कडकन मोडली.

तेवढ्यात परत घुमलं. घूंऽऽऽ! विष्णुपंतांनी दार लावून घेतलं, ते जमादारांच्या मिशीवरच.

३

नारायणराव मास्तर शाळंत व्हते. ते देवळात जात नव्हते. बाकाखाली बसत.

"हे सगळं अडाणीपण आहे, जमादार," बाकाखालूनच मास्तर म्हणाले. "ग्रह बिह काही नाही. रशियाचं रॉकेट आहे ते. माणूस वर जाऊन आला, पेपरात नाही वाचलंत? तेच फिरतंय आपल्यावर."

"रॉकेट माळेवाडीवरच का फिरंल, मास्तर?"

"संशोधनासाठी."

"आन् जवारी?"

"नाकारता येत नाही. त्यांनाही वर काहीतरी खावं लागत असेल."

जमादारांनी डोळे मिटले. मनात काय म्हणाले ते म्या सांगत न्हाय, लेकरं ऐकत असतील.

मास्तर बाहेर आले, अंग खाजवत. "माफ करा. अंघोळीची पंचाईत आहे. आमची प्रेमला दिवसभर पाण्याला जाते आणि मला अंघोळीला तांब्याभर पाणी देते. म्हणते, विहीर आटली."

"तुमी बघितली विहीर?"

"मी? पाणी भरणं बायकांचं काम आहे हो."

जमादारांची जीभ टाळ्याला चिकटली व्हती. ते तडक विहिरीवर गेले. वाकून बघितलं, तर विहीर काठापातूर भरलेली! पायरीवर बसून हात घालावा एवढं पाणी. ते वंजळ भरणार, तेवढ्यात मागनं आरडा झाला. "जमादार! ओ जमादार! बलभीमाला मारायला लागलेत!"

पाणी वंजळीतनं सांडलं. जमादार पळाले.

चावडीवर बलभीम खांबाला बांधलेला, आन् दोघं-तिघं काठ्या घिऊन उभे. जमादारांनी सगळ्यांना पिटाळलं आन् स्वतः त्याच्याम्होरं बसले.

"बलभीमा, माळावर गाडीची चाकोरी न्हाय म्हणत्यात. बैलाचं खूर न्हाईत. एवढी जवारी गेली कुठं?"

"साहेब, हाय तिथं हाय."

"कुठं हाय?"

"आभाळाला इचारा."

"जो उठतो तो मला आभाळाकडं धाडतोय! म्या पोलीस हाय का पाखरू?" जमादार केवढ्यानं तरी वरडले. "तू चोर न्हाईस. चोर असतास तर पळाला असतास. मग बोलत का न्हाईस?"

बलभीम नुसता हसला.

सत्यभामा भाकरी घिऊन आली. एक हात कमरंवर, चालताना दम लागतोय. तिनं नवऱ्याला घास भरवला आन् जमादारांना म्हणाली, "उद्या न्हेणार व्हय?"

"हुकूम हाय, पोरी."

"परवा न्या की. परवा अवस सरती..."

बलभीमानं नुसतं तिच्याकडं बघितलं. सत्यभामेनं जीभ चावली, पदर तोंडाला लावला आन् निघून गेली.

जमादार तिच्या पाठमोऱ्या पदराकडं बघत राहिले. अवस सरल्यावर काय व्हणार व्हतं?

४

पाटलाच्या ओसरीवर येऊन जमादारांनी सायकलीची घंटी वाजवली, वाजवतच राहिले.

"पाणी! ताक नगं, च्या नगं, उसाचा रस नगं. पाणी!"

धुरपदाबाई आत गेल्या. लई येळ लागला. मग अर्धा तांब्या घिऊन आल्या. जमादारांनी तोंड वर केलं, घटाघटा ओतलं, आन् मधीच थांबले. जिभंवर काय तरी आलं. बोटानं काढून बघितलं. जवारीचा दाणा. फुगलेला, टपोरा.

"बाई, पाण्यात जवारी कशी?"

धुरपदाबाईंची पापणीसुदीक हलली न्हाय. "आभाळातनं पडली असंल. ग्रह घासत्यात ना."

जमादार उठले. तांब्या आपटला. सगळ्या गावानं मिळून आपल्याला येड्यात काढायचं ठरवलंय, असं त्यांना वाटलं, आन् ते काय अगदीच चुकीचं नव्हतं. ते चावडीवर गेले, बलभीमाची दोरी सोडली आन् म्हणाले, "चल. पेव दाखव. एवढं एकच असं हाय की ज्यानं मला अजून रॉकेटाची गोष्ट सांगितली न्हाय."

माळावर वारा भणाणत व्हता. पेवाचं तोंड उघडंच पडलेलं. बाप्ये पळाले त्या दिवशी शिळा लावायला कोण थांबणार? जमादार जवळ गेले तशी पायाखालची माती थरथरली. घूंऽऽऽ!

ते वर बघाय लागले. सगळं गाव वर बघत व्हतं, तसंच. मग वैतागून वरचं बघायचं सोडलं आन् खाली बघितलं.

"बलभीमा, शिळा लाव."

"कशाला, साहेब?"

"लाव म्हणतो न्हवं!"

बलभीमानं शिळा ओढून तोंडावर टाकली.

आभाळ गप्प झालं.

वारा तसाच सुटलेला, बाभळीचे शेंडे वाकत व्हते, पण आवाज न्हाय. "काढ," जमादार म्हणाले. शिळा निघाली. घूंऽऽऽ! "लाव." गप्प. "काढ." घूंऽऽऽ!

खाली देवळात काय चाललं असंल, देव जाणे. आठ ग्रह असे थांबत-थांबत घासताना कुणी ऐकले नसतील.

जमादार शिळंवर बसले. "हे पेवच घुमतंय. तोंडावरनं वारा गेला की घुमतं. म्हंजी आवाज ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवसापास्नं पेव उघडंच व्हतं. म्हूनच दिवा तेवला. कोंडलेली हवा कवाच निघून गेल्याली. तू तोंड लिपलंस ते फकस्त ठरलेल्या दिवसापुरतं. त्या सकाळी आभाळ मुकं व्हतं ते त्याच्यामुळं."

बलभीमाचं हसू गेलं. "साहेब," तो हळूच म्हणाला, "मला न्या परांड्याला. इथंच सोडा पुढचं. पाया पडतो."

"कुणाला वाचवतोस?"

बलभीमानं वाकून परत पाय धरले.

५

आता बघा, एवढं कळलं तरी जमादारांना जवारी काय सापडंना. डोकं धरून ते पाटलाच्या न्हाणीजवळ दगडावर बसले. धुरपदाबाई कळशीतलं पाणी घागरीत ओतत व्हत्या. घागर रिकामी. पहिल्यांदा आवाज आला जाड, भदाभदा. घागर भरत चालली तसा बारीक व्हत गेला, आन् गळ्याशी आली तवा नुसता चिवचिव.

जमादार ताडकन उठले.

"परत ओता!"

"काय?"

"घागर रिकामी करा आन् परत ओता!"

धुरपदाबाईंनी ओतलं. जाड. मग बारीक.

"भरलं की बारीक, रिकामं झालं की जाड," जमादार पुटपुटले. "पेव आधी शंखावाणी वाजत व्हतं. मग रोज जाड व्हत गेलं. ग्रह जवळ येत नव्हते, बाई. पेव रिकामं व्हत व्हतं. रोज थोडं थोडं. गाडीनं न्हाय. डोक्यावरनं."

धुरपदाबाईंनी घागर खाली ठिवली. तेवढ्यात प्रेमलाबाई दारात आल्या, त्यांच्या मागं सत्यभामा, तिच्यामागं इरम्मा न् सिताबाई. कोण कुठनं आलं कळलं न्हाय. बायकांना असलं बरं कळतं.

जमादार बोलत सुटले. सकाळपास्नं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. "पेव घुमलं की बाप्ये देवळात. दार बंद. तवा गावात मोकळं कोण? बायका. घागरी डोक्यावर, चालल्या पाण्याला. विहीर काठापातूर भरलेली, आन् घरात प्यायला पाणी न्हाय! मास्तराला अंघोळीला न्हाय, मला सकाळपास्नं ताकावर ठिवलंय. घागरी पाण्यानं भरतच नव्हत्या. आन् पाणी भरायला घरात जागाबी नव्हती. कारण..."

ते स्वयंपाकघरात शिरले. कोपऱ्यात दोन मोठे रांजण. जमादारांनी झाकणाला हात घातला, आन् थांबले. "पाटलीणबाई, तुमच्या मालकांनी हे झाकण कधी उचललंय?"

"जलमात न्हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "तहान लागली की वसरीवरनं वरडत्यात. आमी तांब्या न्हेऊन देतो. गावातला एक बाप्या रांजणापातूर आलेला दाखवा, म्या त्याची आरती करीन."

झाकण निघालं. रांजण गळ्यापातूर जवारीनं भरलेला. पिवळीधमक.

सत्यभामा भिंतीला टेकून खाली बसली.

"कुणी इकली न्हाय, कुणी खाल्ली न्हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "पेव घुमंल हे आमच्या सपनातबी नव्हतं. त्याचं तेच घुमलं आन् बाप्ये त्यांचे तेच पळाले. जमादार, जग बुडालं तर तूप काय कामाचं? आन् न्हाय बुडालं, तर आखाडात ह्या इरम्माच्या पोरांना काय घालू? यज्ञाची राख? अवस सरली की सगळं परत पेवात टाकणार व्हतो. बलभीम म्हणाला, 'दिवा सोडल्याबिगर एकीला बी उतरू देणार न्हाय, आन् पकडलो तर नाव एकीचं घेणार न्हाय.' आता न्या आमाला. सगळ्या गावच्या बायका हाईत. बेड्या किती आणल्यात?"

जमादारांनी कमरेला हात लावला. एकच व्हती, ती बी गंजलेली.

"आन् म्या साहेबाला काय सांगू?" ते रडकुंडीला आले. "चोर सापडला, माल सापडला, आन् कुणाला सांगायचं न्हाय! वीस वर्षांच्या नोकरीत एवढा अवघड उलगडा म्या पहिल्यांदा केला, तो असला!"

तेवढ्यात सत्यभामेनं पोट धरलं आन् ती कण्हली. "आत्या," ती धुरपदाबाईंना म्हणाली, "आली येळ."

६

जमादार देवळापुढं गेले आन् दार बडवलं.

"जोशीबुवा! अवसंच्या आत आरोपी एसटीनं न्ह्यायचा का न्हाय? वाटंत ग्रह अंगावर पडले तर जबाबदार कोण?"

फट उघडली. विष्णुपंत पांढरेफटक. "छे छे! हालचाल नको. मोठा कुयोग आहे. शनीचं तोंड परांड्याकडंच आहे."

"मग चंद्र त्या घरातनं सरकंस्तवर आरोपी त्याच्या घरी राहील. म्या पहारा देतो. आन् बुवा, जवारी ग्रहांनीच ओढली असंल, तर ते पांगल्यावर परत येईल का?"

विष्णुपंतांना असं कुणी इचारलंच नव्हतं. त्यांनी मान डोलावली. "शास्त्रात नाही असं नाही."

ते बोलताना जमादारांचे दात एवढे करकरले की आतल्या लोकांना वाटलं नववा ग्रह आला.

सांजंला बलभीमाला पोरगी झाली. हात मोकळे व्हते त्याचे, म्हून पहिल्यांदा त्यानंच घेतली.

अवस आली आन् गेली. सूर्य उगवला, म्हशीनं दूध दिलं, जग जागच्या जागी. पण माळावरचा आवाज काय थांबंना, म्हून बाप्ये दुपारचे देवळातच. आन् तो रोज बारीक व्हाय लागला. रेड्याचा भोंगा झाला, भोंग्याचा शंख झाला. विष्णुपंत देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगायचे, "ऐका! ग्रह लांब चालले! माझा जप लागू पडला!" जमादार समोरच्या पारावर बसून ऐकायचे आन् मिशीचे केस उपटायचे.

मग एक दिवशी आवाज बंद झाला. जमादारांनी गावाला माळावर न्हेलं. शिळा काढली. बलभीमानं दिवा सोडला, तो हातभर बी खाली गेला न्हाय, जवारीवरच टेकला. पेव गळ्यापातूर भरलेलं.

मास्तर म्हणाले, "रॉकेटनं परत आणून टाकली! प्रगत देश आहे." विष्णुपंतांची तर गावातनं मिरवणूक निघाली, हलगी लावून. पाटलांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. तूप आणायला कुणी पेवातला दाणा काढला न्हाय, कारण देवानं परत दिलेली जवारी कोण इकणार?

जमादार सायकल घिऊन निघाले. त्यांच्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं. एवढा डोक्यानं सोडवलेला तपास, आन् हार जोशाच्या गळ्यात. येशीपाशी धुरपदाबाई उभ्या व्हत्या, घागर कमरंवर. मागं सगळ्याजणी. बारश्याचं लेकरू इरम्माच्या हातात. माझी कंबर त्या दिवसात लई दुखत व्हती, का ते इचारू नका, पण म्या बी व्हते तिथं.

"जमादार," धुरपदाबाई म्हणाल्या, "पाणी घ्या. रांजणातलं हाय. गार."

जमादारांनी तांब्या घेतला. काठापातूर भरलेला. तोंड वर करून पीत राहिले, पीत राहिले, मिशा भिजल्या, सदरा भिजला. शेवटच्या घोटाला थांबले. जिभंवर काय तरी आलं व्हतं.

आमी सगळ्या बघत व्हतो, आता थुंकत्यात का काय.

त्यांनी दाणा दाताखाली घेतला, चावला, गिळला. मग सायकलीवर टांग टाकली आन् एकदा वर आभाळाकडं बघून म्हणाले, "पुरावा संपला."